शब्दाला शब्द

खिंडीपासून शहरापर्यंतच्या रस्त्यावर बर्फाच्या दिवसांत गाड्या अडवायला जेवढी फाटकं होती, त्यांच्यावरच्या माणसांत फोनवरचा हुकूम परत म्हणून दाखवावा तो कालिपानंच. बाकीचे अडखळत, मधलाच शब्द गिळत, ‘पुन्हा सांगा’ म्हणत. कालिपा नाही. पलीकडून रशियन भाषेत केवढंही लांबलचक वाक्य येऊ दे, ती ते श्वास घ्यायच्या जागांसकट जसंच्या तसं परत करायची. शहरातल्या ऑफिसात नवीन माणूस आला की त्याला तिचं बोलणं टेपवर ऐकवत. ‘असं म्हणायचं असतं,’ म्हणून.

नियमच तसा होता. मागे एका हिवाळ्यात खालच्या फाटकावरच्या कुणीतरी ‘हो हो, कळलं’ म्हणून फोन ठेवला आणि भलतंच केलं. दोन मेंढपाळ कळपासकट बर्फाखाली गेले. तेव्हापासून ऑफिसानं ठरवून टाकलं की ऐकणाऱ्यानं हुकूम शब्दाला शब्द परत म्हणायचा, सांगणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हणायचं, आणि मगच फोन ठेवायचा. सगळं टेपवर आणि सगळं रशियनमध्ये. माणसानं वाक्य म्हणून दाखवलं म्हणजे ते त्याच्या डोक्यात शिरलं, असं नियम करणाऱ्यांना वाटलं. खुर्चीत बसून नियम करणाऱ्यांना असं पुष्कळ काही वाटत असतं.

खरी गोष्ट कालिपाला एकटीला ठाऊक होती. तिला रशियन येत नव्हतं असं मुळीच नाही. शाळेत शिकली होती, बाजारात भाव करायची, टीव्हीवरच्या मालिका बघून नायिकेला शिव्या द्यायची. पण लांब वाक्य आलं की तिच्या डोक्यात एकालाच जागा असायची. शब्द धरून ठेवायचे तर अर्थ दाराबाहेर उभा राहायचा, आणि अर्थाला आत घ्यावं तर शब्द सांडायचे. किरगिझमध्ये असं कधी व्हायचं नाही. आपल्या भाषेत ती भाकरी थापता थापता गावभरच्या भानगडी ऐकायची आणि वर्षभरानंही सांगायची.

म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. फोनवर अर्थाकडे बघायचंच नाही. शब्द उचलायचे, परत द्यायचे, ‘बरोबर’ ऐकायचं, फोन ठेवायचा, डोळे मिटायचे आणि कानात घुमतंय तोवर ते सगळं किरगिझमध्ये मोठ्यानं म्हणायचं. खोलीत कुणी नसायचं, तेव्हा ती ते शेगडीला सांगायची. ‘ऐक गं, आधी अमुक, मग तमुक.’ एकदा आपल्या भाषेत आलं की ते पक्कं बसायचं. इतकी वर्षं निभावलं, कुणाला पत्ता लागला नाही.

निभावलं याला आणखी एक कारण होतं, ओमुरझाक बायके. शहरातून हुकूम सांगणारा म्हातारा. सगळे त्याला बायके, म्हणजे थोरला भाऊ म्हणत. तो रशियनमध्ये हुकूम द्यायचा, तिच्याकडून परत ऐकायचा, ‘बरोबर’ म्हणायचा, आणि वर घसा खाकरून किरगिझमध्ये सुरू व्हायचा. “हं, हे झालं सरकारचं. आता माझं ऐक पोरी. तोफ वाजेपर्यंत फाटकाला हात लावायचा नाही. ट्रकवाले रडतील, रडू देत. चहा घेतलास का?” टेपवर हे सगळं जायचं. त्याला दोनदा ताकीद मिळाली. तिसरी मिळायच्या आत तो निवृत्त झाला.

त्याच्या जागी समारा आली. पोरगी किरगिझ, पण जन्म शहरातला, शाळा शहरातली, आणि तोंडात आईची भाषा म्हणून रशियनच. कामाला चोख. वाक्य एका दमात बोलायची, कारण तिला ते जड नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका हुकुमानंतर कालिपानं हळूच किरगिझमध्ये विचारलं, “म्हणजे बसला आधी सोडू ना गं?”

पलीकडून समारा रशियनमध्ये अगदी गोड आवाजात म्हणाली, “माफ करा, कालिपा असानोव्ना, माझं किरगिझ कच्चं आहे. तुमच्यासाठी मी सावकाश बोलत जाऊ का?”

पोरीच्या मनात काही नव्हतं. पण कालिपाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. सावकाश? तिच्यासाठी? जिचं बोलणं नव्या लोकांना टेपवर ऐकवतात तिच्यासाठी? “काही गरज नाही,” ती म्हणाली. “मला सगळं कळतं.” त्यानंतर तिनं समाराला कधीही काहीही विचारलं नाही.

हे तिनं एसेनबेकलाही सांगितलं नाही. एसेनबेक तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता, कालिपानंच त्याला कडेवर वाढवला. मोठा होऊन रशियात गेला, तिकडच्या थंडीत रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायला शिकला, आणि बायकोला दुसरं मूल झालं तेव्हा परत येऊन इथंच त्या कामाला लागला. पुढे मोठा लोखंडी फाळ लावलेली पिवळी गाडी घेऊन तो खिंडीतल्या बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी, कालिपाच्या फाटकाआड उभा असायचा. वरच्या उतारांवर साठलेला बर्फ तोफेनं आधीच खाली पाडायचा, मग एसेनबेकनं जाऊन रस्ता मोकळा करायचा, मग बाकीच्यांनी जायचं, अशी पद्धत. म्हणजे प्रत्येक वेळी पहिला बाहेर पडणार तो. आणि कधी पडायचं ते कालिपा सांगणार.

त्याचं रशियन तिच्यापेक्षा शंभर पटींनी बरं होतं. तो त्या भाषेत भांडायचा, लाडीगोडी करायचा, स्वप्नंसुद्धा बघायचा म्हणे. तरी गावात कुणी विषय काढला की म्हणायचा, “माझं रशियन बांधकामावरचं, अर्ध्या शिव्याच. भाषा ऐकायची तर माझ्या एजेची ऐका. ती फोनवर बोलते तेव्हा वाटतं मॉस्कोहून बातम्या लागल्यात.” थोरल्या बहिणीचं हे कौतुक तो इतक्या मनापासून करायचा, की कालिपाला ते खोडून काढायचा धीर झाला नाही. धीर म्हणा की इच्छा म्हणा.

त्या हिवाळ्यात बर्फ फार पडला. एरवी तोफ फक्त डाव्या उतारावर डागत. उजवा उतार तसा गरीब, तिथं काही साठायचं नाही. त्या साली तिथंही साठला.

सकाळी फोन आला तेव्हा फाटकाआड एसेनबेकची गाडी, तिच्यामागे एक बस आणि बसमागे ट्रकांची रांग होती. समारा बोलायला लागली. तोफ आधी डाव्या उतारावर डागतील, ते झालं तरी फाटक बंदच ठेवायचं, मग तोफ वळवून उजव्या उतारावर डागतील, तेही झाल्यावर मी स्वतः पुन्हा फोन करीन, तो आल्यावरच फाळाची गाडी सोडायची, तिच्यामागे अंतर ठेवून बस, ट्रक शेवटी. एवढं सगळं एका वाक्यात. कालिपानं नेहमीसारखं उचललं आणि परत दिलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

“बरोबर,” समारा म्हणाली.

कालिपानं डोळे मिटायला आणि दार धाडकन उघडायला एकच गाठ पडली. बसचा ड्रायव्हर आत आला. दाढीमिशांवर बर्फ, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

“एजे, माझं काही तरी करा. बसमध्ये नवरीचे चुलते भरलेत, सगळे एकजात आडदांड. लग्न त्या अंगाला आणि हे या अंगाला. आतापर्यंत त्यांनी नवऱ्याकडच्यांना द्यायची दारू अर्धी संपवली. उरलेली संपली की मला कापून खातील.”

“बाहेर थांब,” कालिपा म्हणाली.

“बाहेर थांबून काय करू? त्यातला एक गातोय. तुम्ही ऐकलं नाही म्हणून. एजे, वेळ तरी सांगा, म्हणजे बाटली लपवायची की काढून द्यायची ते ठरवता येईल.”

“अरे बाबा, जरा गप्प बस की.”

तो गप्प बसला. पण तोवर किरगिझ शब्दांनी तिच्या डोक्यातली जागा भरून टाकली होती. नवरी, चुलते, दारू, बाटली. तिनं डोळे मिटून आत हात घातला, तर वाक्याचं एक टोक लागलं आणि दुसरं टोक लागलं. तोफ डाव्या उतारावर डागतील. फाळाची गाडी सोडायची, मागे बस, ट्रक शेवटी. मध्ये काहीतरी होतं. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं तिचं मन तिथं जाऊन आलं. काहीतरी होतं हे नक्की, पण काय ते लागेना.

तेवढ्यात तोफ वाजली. पत्र्याचं छप्पर थरथरलं. डावा उतार घरंगळत खाली आल्याचा आवाज आला आणि मग बोगद्याच्या तोंडाशी पांढरी धूळ. सगळं नेहमीसारखंच.

फोन टेबलावर होता. उचलून ‘पुन्हा सांगा’ म्हणायला काही लागत नव्हतं. तिचा हात गेलाही तिकडे. पण तिला तो गोड आवाज ऐकू आला, सावकाश बोलू का म्हणणारा. ड्रायव्हर टोपी हातात धरून तिच्याकडे बघत होता. कालिपा कोट चढवून बाहेर पडली.

एसेनबेकनं गाडीची काच खाली केली. त्याच्या तोंडात कुरुतचा खडा होता, सुकवलेल्या दह्याचा, लहानपणापासूनची सवय.

“एजे, काय म्हणाली शहरवाली?”

“तोफ झाली की तू जा. मागे बस, मग ट्रक.”

“एवढंच? बराच वेळ बोलत होतीस की.”

“एवढंच. ते लोक पाल्हाळ लावतात.”

“बरं,” तो म्हणाला. “तू म्हणतेस ना.” आणि काच वर केली.

तिनं फाटक उचललं. पिवळी गाडी बाहेर गेली. बसचा ड्रायव्हर धावत जाऊन बसला, पण त्याचं इंजिन थंडीनं धरलं होतं. ते खोकत राहिलं, सुरू होईना. आतले चुलते त्याच्या नावानं ओरडत होते. अंतर ठेवून सोडायची ती बस जागची हलली नाही, म्हणून ती सगळी माणसं आज जिवंत आहेत.

तोफ पुन्हा वाजली. फाटकाच्या दोरीला धरूनच कालिपानं ती ऐकली आणि त्याच क्षणी वाक्याचा मधला भाग तिला सबंध आठवला, शब्दाला शब्द, समाराच्या आवाजात. ती रस्त्यावर धावत सुटली. ट्रकवाल्यांनी तिला धरून आणलं.

एसेनबेकला बर्फाखालून काढायला संध्याकाळ झाली. गावात त्याच्या अंगणात तंबू उभारला, बायका भिंतीकडे तोंड करून आक्रोशाची गाणी म्हणायला बसल्या. रीतीप्रमाणे पहिलं गाणं थोरल्या बहिणीचं. कालिपानं तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. बायकांना वाटलं दुःखानं. एसेनबेकची बायको गुलसून शेजारी बसली होती. तिनंच नणंदेच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिनंच गाणं सुरू केलं. तोवर तिला एवढंच माहीत होतं की शहरवाल्यांनी काहीतरी घोळ घातला. सगळ्या गावाला तसंच वाटत होतं. आमची कालिपा चुकणं शक्य नाही, असं लोक एकमेकांना सांगत होते, आणि कालिपा ते ऐकत होती.

चौकशी शहरात झाली. समिती म्हणजे टेबलामागे तीन माणसं, मधला अध्यक्ष. जाडजूड, थकलेला, तसा भला माणूस. एका बाजूला समारा बसली होती, रडून रडून डोळे सुजलेली. मागच्या बाकावर गुलसून, काळा रुमाल बांधून.

टेप लावली. आधी समाराचा आवाज, मग कालिपाचा. ‘उजव्या उतारावर डागतील,’ कालिपाचा आवाज अगदी स्पष्ट म्हणाला, ‘तेही झाल्यावर मी स्वतः पुन्हा फोन करीन, तो आल्यावरच फाळाची गाडी सोडायची.’ ‘बरोबर.’ टेप थांबली. मागच्या बाकावर गुलसूननं मान वर केली. रशियन तिला फारसं येत नव्हतं, पण आपल्या माणसाच्या गाडीचं नाव आणि नणंदेचा आवाज ओळखण्यापुरतं येत होतं.

“हे तुम्हीच बोललात?” अध्यक्षानं विचारलं.

“मीच.”

“मग सोडलंत कसं?”

कालिपानं घरून उत्तर जुळवून आणलं होतं. पण तिनं ते बाजूला ठेवलं आणि सरळ किरगिझमध्ये बोलली. शब्द पेलताना अर्थ पेलत नाही, हे तिनं सांगितलं. शेगडीचं सांगितलं, ओमुरझाक बायकेचं सांगितलं, ड्रायव्हर आत आल्याचं सांगितलं. मध्ये काहीतरी राहिलंय असं वाटत होतं आणि एसेनबेकनं काच खाली करून ‘एवढंच?’ म्हणून विचारलं होतं, हेही लपवलं नाही. “साहेब, मी ते वाक्य बोलले, पण मला ते माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “विश्वास ठेवा. माहीत असतं तर माझ्या हातानं फाटक उचललं नसतं. मी वाढवलाय त्याला.”

अध्यक्षानं कपाळ चोळलं. त्याला तिला वाचवायचं होतं. भाषा येत नव्हती असं ठरलं, तर दोष माणसाचा न राहता व्यवस्थेचा होतो, आणि व्यवस्थेला कुणी तुरुंगात घालत नाही. “एजे,” तो हलक्या आवाजात किरगिझमध्ये म्हणाला, “मी तुम्हाला एक दुसराच हुकूम वाचून दाखवतो. तुम्ही परत म्हणा. मग त्याचा अर्थ सांगा. जे असेल ते दिसेल.”

त्यानं कागद घेतला आणि उत्तरेकडच्या फाटकाचा एक जुना हुकूम वाचला. त्या दिवशीच्यापेक्षाही लांब, वळणावळणाचा. कालिपानं तो परत म्हटला. एकही शब्द चुकला नाही. सभागृहात कुणी खोकलं नाही, दार वाजलं नाही. सगळे तिच्याकडे बघत शांत बसून राहिले. अशी शांतता तिला फाटकावर उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. तिचे डोळे आपोआप मिटले. वाक्य कानात घुमत होतं, पुरतं, टोकापासून टोकापर्यंत, आणि एकेक तुकडा आपल्या भाषेत येऊन बसायला लागला.

गप्प राहायचं होतं, बस. ‘आठवत नाही’ म्हणायचं होतं. ते तिला कळत होतं. पण अवघड वाक्य हाती लागलं की तिच्या अंगात जे भरायचं ते भरलं, तीच जुनी ऐट, आणि तोंड बोलून गेलं. आधी ट्रक थांबवायचे, मग पेट्रोलचा टँकर एकटा सोडायचा, तो पलीकडे पोचल्याचं कळलं की बस, वारा वाढला तर बससुद्धा नाही. सगळं बरोबर. शेवटचा शब्द बोलल्यावर तिनं डोळे उघडले आणि अध्यक्षाचा चेहरा पाहिला.

“तुम्हाला सगळं कळतं,” तो म्हणाला. तो रागावला नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं. त्यानं फाईल मिटली आणि शेजारच्याला रशियनमध्ये चार शब्द सांगितले. हुकूम स्पष्ट होता, समजला होता, पाळला गेला नाही. हे एवढं छोटं वाक्य कालिपाला लगेच कळलं. खटला भरायचं ठरलं. समारा मात्र सुटली होती.

बाहेर जिन्यात गुलसून उभी होती. कालिपा तिच्यापाशी जाऊन थांबली. म्हणाली, “तुझा तरी विश्वास आहे ना माझ्यावर? तिथं शांत होतं गं. त्या दिवशी तसं नव्हतं.”

“विश्वास आहे,” गुलसून म्हणाली.

कालिपाच्या छातीतून श्वास सुटला. तिनं भावजयीचा हात धरला. गुलसूननं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

“तू बोललीस आणि तुला कळलं नाही, पटलं मला. होत असेल तसं. मला कुठं येतं रशियन? पण एजे, त्यानं तुला विचारलं होतं ना? काच खाली करून?”

“विचारलं होतं.”

“कुठल्या भाषेत?”

“आपल्याच.”

“एवढंच का, असंही विचारलं. आता तूच आत सांगितलंस, मध्ये काहीतरी राहिलंय असं तुला वाटत होतं म्हणून.”

“हो.”

“मग ‘माहीत नाही’ म्हणायचं होतंस. त्याला येत होतं रशियन. उतरला असता, दोन मिनिटांत फोन करून विचारून आला असता, तुझी चेष्टा करत.” गुलसूनचा आवाज चढला नव्हता. जेवायला काय करू विचारावं तशा आवाजात ती बोलत होती. “माहीत नाही. दोन शब्द आहेत. एवढे तर मावले असते ना तुझ्या डोक्यात?”

खाली गावाकडे जाणारी गाडी उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. गुलसून रुमाल सारखा करत जिना उतरली आणि मागच्या सीटवर बसली. दार तिनं उघडं ठेवलं नाही. कालिपा वरच्या पायरीवर उभी राहिली, आणि गाडी तिला न घेताच निघाली.